मदत हवी आहे: कृष्णधवल फोटो अगदीच मेलेला येतोय

चष्मिष_चिंटू
ग्रुपची स्पर्धा आहे, विषय 'स्वयंपाकघरातली साधी वस्तू', फोटो कृष्णधवलच हवा. उद्या रात्रीपर्यंत द्यायचाय. समोर बघताना मस्त दिसतं, फोटोत पार राख. काँट्रास्ट वाढवून झालाय, तो सल्ला प्लीज नको. काय करू? जरा लवकर सांगा.

रानवारा
कसला फोटो? कॅमेरा कुठला? उजेड कुठून येतोय? फोटो तरी डकव.

शटरवाला
फिल्म वापर. मी अजून इलफर्डचा एचपी५ वापरतो, ४०० आयएसओ, घरीच धुतो. त्या ग्रेनची, म्हणजे फिल्मच्या रवाळ पोताची, सर डिजिटलला नाही.

रानवारा
उद्या द्यायचाय त्याला. रोल मागवणार कधी, धुणार कधी?

शटरवाला
पुढच्या वेळेसाठी सांगतोय. ज्ञान वाया जात नाही.

चष्मिष_चिंटू
फोन आहे हो. सुपात मिरच्या आहेत, लाल आणि हिरव्या. ट्यूबखाली काढलाय. फोटो इथे चढत नाहीये.

निळीशाई
हे आधी सांगायचंस ना! लाल आणि हिरवा डोळ्याला वेगळे दिसतात, पण उजळपणा दोघांचा बऱ्याचदा जवळपास सारखा असतो. रंग गेला की दोन्हींचा एकच करडा. मग काँट्रास्ट कितीही ताण, दोघी जोडीनेच काळ्या होणार. लाल फिल्टर लाव: लाल मिरच्या उजळतील, हिरव्या गडद होतील. हिरवा लावलास तर उलट. स्नॅपसीड हे फोटो एडिट करायचं अ‍ॅप आहे ना, त्याच्या ब्लॅक अँड व्हाइटमध्ये हे फिल्टर आहेत.

घाटावरचा
एडिटिंगच करायचं तर स्पर्धा कशाला? कॅमेऱ्यातून येतो तो फोटो.

शटरवाला
अमेरिकन फोटोग्राफर अन्सेल अ‍ॅडम्सने १९२७ मध्ये हाफ डोम या कड्याच्या फोटोत आकाश काळं केलं ते लेन्सवर लाल फिल्टर चढवूनच. त्यालाही स्पर्धेतून काढणार का?

घाटावरचा
लेन्सवर चढवणं वेगळं, बोटाने सरकवणं वेगळं.

सुगरण_मावशी
पिकलेल्या लाल मिरच्या हिरव्यांत ठेवू नका, त्या आधी खराब होतात. लालचा रंजका करा, लिंबू आणि मीठ घालून. हिरव्यांचे देठ काढून कोरड्या डब्यात ठेवा.

रानवारा
ट्यूब आधी बंद कर, वरून सपाट उजेड पडतो. सकाळी सूप खिडकीशी ठेव, उजेड एकाच बाजूने आणि तिरपा आला पाहिजे. मग सुपाची वीण, देठाचा बाक, मिरचीवरची चमक सगळं उठून दिसतं. फोन गडद वस्तूसुद्धा करडी करून ठेवतो, म्हणून स्क्रीनवर बोट ठेवून उजेड थोडा खाली ओढ.

निळीशाई
आणि ढीग कशाला? एडवर्ड वेस्टन या अमेरिकन फोटोग्राफरने १९३० मध्ये एकच ढोबळी मिरची पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवून काढली. नरसाळ्याच्या आतून उजेड परतून मिरचीच्या कडांवर आला. अंग पिळलेल्या माणसासारखी दिसते ती. तूही दोन वेड्यावाकड्या निवड, बाकीच्या बाजूला.

घाटावरचा
त्याची मिरची मुळातच वेडीवाकडी होती. लवंगी मिरचीत कसलं अंग आणि कसलं काय.

चष्मिष_चिंटू
लाल फिल्टर लावला. ढिम्म फरक नाही.

निळीशाई
फोनच्या मोनो मोडमध्ये काढलायस का?

चष्मिष_चिंटू
हो मग, कृष्णधवलच हवाय ना.

निळीशाई
अरे, फाइलमध्ये रंगच नाही तर फिल्टर वेगळं काय करणार? लाल कुठलं नि हिरवं कुठलं, त्याला कसं कळावं? रंगीत काढ, मग कृष्णधवल कर. घाटावरच्यांचं मनावर घेऊ नकोस.

घाटावरचा
नियमावली वाचलीय का कुणी? एडिटिंग चालतं का त्यांना?

चष्मिष_चिंटू
कृष्णधवल करणं आणि क्रॉप चालतं. पण मिरच्या आईने मघाशीच वाटल्या. टोमॅटो आणि कोथिंबीर आहे, चालेल?

रानवारा
पुन्हा लाल-हिरवं! चालेल, पण रंगीतच काढ. वांगं असेल तर ते बघ, काळ्या सालीवर खिडकीची रेघ छान पडते.

सुगरण_मावशी
वांगं भरताचं की काटेरी?