खेळाडूच्या घरी अचानक दुःख कोसळलं, चाहत्यांनी नेमकं काय करावं?

नुसता प्रेक्षक
आमच्या संघातल्या एका खेळाडूचे वडील परवा अचानक गेले. तो संघ सोडून घरी गेलाय. शनिवारी घरच्या मैदानावर टी-ट्वेंटी सामना आहे आणि तो खेळणार की नाही ते अजून ठरलेलं नाही. चाहत्यांच्या गटात आम्ही तीसेक जण आहोत. सूचना भरपूर आल्यात: स्टँडमध्ये बॅनर, सामन्याआधी मिनिटभर शांतता, सगळ्यांचे संदेश जोडून केलेला आणि त्याला टॅग केलेला व्हिडिओ. एकाने तर वर्गणीचं काढलंय. यातलं काय करावं, काय टाळावं? बॅनरचं माप, मजकूर माहीत असेल तर सविस्तर सांगा.

गेट नंबर चार
आधी संघ व्यवस्थापनाला एक मेल टाका. त्यात परवानगी मागण्याआधी एवढंच विचारा की घरच्यांना हे चालणार आहे का. काही घरांना गाजावाजा नको असतो. तसं असेल तर पुढचं सगळं रद्द, कारणही विचारायचं नाही.

शांतता तुमच्या हातातली गोष्ट नाही. ती आयोजकांनी माईकवरून जाहीर करावी लागते, सुरुवात आणि शेवट दोन्ही. गटाने आपल्या आपण पाळायची ठरवली तर हमखास फसते. गेटमधून उशिरा आत येणाऱ्यांना पत्ताच नसतो, कुणाचा तरी फोन वाजतो, एखादा टवाळ ओरडतो आणि बाकीच्यांचं मिनिट त्याला गप्प करण्यात जातं. टाळ्यांचं तसं नाही, एकट्यादुकट्याचा आवाज त्यात बुडून जातो. एप्रिल २०२२ मध्ये फुटबॉलपटू रोनाल्डोचं नवजात बाळ गेलं. दुसऱ्या दिवशी लिव्हरपूल विरुद्ध त्याचा संघ मँचेस्टर युनायटेड असा सामना होता, तो खेळतही नव्हता. त्याचा नंबर ७, म्हणून सातव्या मिनिटाला लिव्हरपूलच्या अ‍ॅनफिल्डवर दोन्ही बाजूंच्या प्रेक्षकांनी मिनिटभर टाळ्या वाजवल्या. तेही कट्टर प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर!

क्रिकेटमध्ये मिनिट मोजू नका, षटक मोजा. जर्सीचा नंबर वीसच्या आत असेल तर तितकी षटकं संपल्यावर, नाहीतर सहाव्या षटकानंतर. गोलंदाज रनअपला लागला की टाळ्या बंद. आंतरराष्ट्रीय टी-ट्वेंटीत क्षेत्ररक्षण करणाऱ्या संघाला पुढच्या षटकासाठी ६० सेकंदांत तयार व्हावं लागतं, त्यामुळे तुम्ही तीस-चाळीस सेकंदच धरा. आणि समोरच्या संघाच्या चाहत्यांना आदल्या दिवशी कळवा. न कळवता केलं तर त्यांना ती तुमची घोषणाबाजी वाटते आणि ते उत्तर देतात.

ब्रश आणि बांबू
बॅनरबद्दल. दर तीन मीटर अंतराला अडीच सेंटीमीटर अक्षर हा ठोकताळा. म्हणजे ६० मीटरवरून वाचायचं तर अक्षर ५० सेंमी उंच हवं. मैदानापलीकडच्या ड्रेसिंग रूममधून, १५० मीटरवरून, वाचता यावं असं वाटत असेल तर सव्वा मीटर. तो नाद सोडा, कॅमेरा झूम करतो.

रोमन अक्षरांचं गणित देवनागरीला जसंच्या तसं लावलं की बॅनर हमखास बिघडतो. वेलांटी आणि मात्रा शिरोरेषेच्या वर जातात, उकार खाली येतात. ५० सेंमी अक्षराला वर-खाली वीस-वीस आणि कडेला थोडी मोकळी जागा धरून कापड किमान १ मीटर १० सेंमी उंच घ्या. ‘आम्ही तुझ्यासोबत आहोत’ ही दहा अक्षरं आहेत, सात मीटर लांबीत बसतात. रेघेची जाडी अक्षराच्या उंचीच्या सहाव्या भागाहून कमी नको. जोडाक्षरं जितकी कमी तितकं बरं, लांबून ‘म्ही’चा नुसता ठिपका दिसतो.

फ्लेक्स नको, फ्लडलाइटमध्ये चमकतो आणि नेमकं मधलं अक्षर पांढरं पडतं. सुती कापड, मॅट रंग. रात्रभर वाळवा. अर्धवट ओला गुंडाळला तर सकाळी अक्षरं पाठच्या बाजूला उमटलेली मिळतात. काठ्या बहुतेक मैदानांत आत सोडत नाहीत, म्हणून वरच्या कडेला दर मीटरला दोरीची गाठ शिवा. साइटस्क्रीनच्या (गोलंदाजामागचा पडदा, ज्यामुळे फलंदाजाला चेंडू नीट दिसतो) रेषेत आणि जाहिरातींच्या बोर्डांवर लावू नका. पहिल्या ठिकाणी खेळ थांबतो, दुसऱ्या ठिकाणी बॅनर काढायला लावतात.

लेग बाय
मजकुराबाबत एक. दरवेळी कुणीतरी खेळाडूचा फोटो, खाली त्याचं नाव आणि ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ असं टाकतं. तासाभरात लोक विचारत सुटतात, तो गेला की काय? श्रद्धांजली गेलेल्या माणसाला, सांत्वन मागे राहिलेल्याला. दोन्ही एका चित्रात कोंबू नका. गेलेल्याचा फोटोही घरच्यांनी स्वतः जाहीरपणे वापरला असेल तरच. मे २०२५ च्या फुटबॉलच्या चॅम्पियन्स लीग फायनलनंतर पॅरिसच्या चाहत्यांनी त्यांचा प्रशिक्षक लुईस एनरिकेच्या २०१९ मध्ये गेलेल्या मुलीचं भलंमोठं चित्र उलगडलं आणि ते शोभलं, कारण तो स्वतः तिच्याबद्दल मोकळेपणाने बोलत आला होता. ती गेल्यावर चौथ्याच दिवशी तसं चित्र कुणी लावलं असतं तर?

व्हिडिओ करा, पण टॅग करू नका. टॅग म्हणजे उत्तराचं ओझं. त्यापेक्षा हाताने लिहिलेली सुटी पानं संघाच्या ऑफिसात द्या, तो महिन्याने वाचेल. तीन ओळी पुरेत: ‘वडिलांच्या निधनाची बातमी कळली, फार वाईट वाटलं. तुम्हाला हवा तेवढा वेळ घ्या. या पत्राला उत्तर देऊ नका.’ पानं एकानेच आधी वाचून घ्यायची. ‘शतक ठोकून वडिलांना अर्पण कर’ छापाचं पान दर गठ्ठ्यात निघतं, ते बाजूला काढायचं.

पॉइंट रीजन
शतकाचं काय चुकलं? सचिन १९९९ च्या वर्ल्ड कपमधून वडिलांसाठी घरी आला आणि परत जाऊन केनियाविरुद्ध नाबाद १४० केल्या. कोहलीने २००६ मध्ये वडील गेले त्या दिवशी रणजी सामन्यात ९० केल्या. बॅनरवर हेच लिहा की!

लेग बाय
ते त्यांनी स्वतः ठरवलं होतं. बॅनरवर लिहिलंत की तो हुकूम होतो. तो शनिवारी आला नाही तर तोच बॅनर त्याच्या विरोधात वाचला जाईल.

गेट नंबर चार
दोन गोष्टी राहिल्या. संघाने काळ्या फिती का बांधल्या नाहीत म्हणून आरडाओरडा करू नका. आंतरराष्ट्रीय सामन्यात त्यासाठी बोर्ड आणि आयसीसी दोघांची आधी परवानगी लागते. डिसेंबर २०२३ मध्ये पर्थ कसोटीत ऑस्ट्रेलियाच्या उस्मान ख्वाजाने ती न घेता फीत बांधली, वैयक्तिक दुःखासाठी बांधली असं सांगितलं, तरी आयसीसीने समज दिलीच.

वर्गणी नको. कुटुंबाने किंवा संघाने एखादी संस्था सुचवली तर तिथे प्रत्येकाने परस्पर द्यावं, गटाच्या खात्यात जमा करून नाही.

नुसता प्रेक्षक
मेल पाठवला. उत्तर येईपर्यंत कापड आणत नाही. व्हिडिओ रद्द, पानं गोळा करतोय.