आईची हाडं ठिसूळ झालीत आणि ती घराबाहेर पडत नाही – मदत हवी आहे (नागपूर)

नमस्कार मंडळी,

प्रश्न माझ्या आईचा आहे, वय ६७. बाबा जाऊन दीड वर्ष होईल. त्यानंतर महालातलं घर बंद करून तिला मनीषनगरला माझ्याकडे आणलं. नोव्हेंबरात बाथरूममध्ये घसरली आणि मनगट मोडलं. प्लास्टर निघाल्यावर हाडांची घनता मोजणारा डेक्सा स्कॅन केला, मणक्याचा टी-स्कोर (निरोगी तरुण हाडांच्या तुलनेत काढलेला आकडा) उणे २.९ आला. उणे २.५ किंवा त्याखाली गेला की ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार धरतात. वर्षातून एकदा घ्यायचं इंजेक्शन झालंय, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व सुरू आहे. औषधांबद्दल काही विचारायचं नाही.

ती दिवसभर पलंगावर बसून असते. जेवण अर्ध्या भाकरीवर आलंय, फोन वाजला तरी उचलत नाही. मागच्या खेपेला डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "दिवसभरात या कोणाशी बोलतात?" मी सकाळी नऊला निघते, सातला येते. काय सांगणार?

त्यांनीच समजावलं की मनावर सतत ताण असला तर शरीरात कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक वाढतं आणि नवं हाड घडवणाऱ्या पेशी मंदावतात. त्यात खाणं कमी, ऊन नाही, चालणं नाही. घरी येऊन मी वाचत बसले. अमेरिकेत रजोनिवृत्ती झालेल्या अकरा हजार बायकांची सहा वर्षं पाहणी केली होती, ती २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. ज्यांच्या नात्यांत ताण जास्त आणि लोकांत मिसळणं कमी, त्यांच्या हाडांची घनता जास्त घटलेली दिसली. एकामुळेच दुसरं होतं असं त्यावरून म्हणता येत नाही, पण नात्यांतल्या ताणाचं वाचून मला आईचं महालातलं भजनी मंडळ आठवलं.

वीस वर्षं ती त्यात पेटी वाजवायची. बाबा गेल्यावर पहिल्या संक्रांतीला सगळ्यांना हळदीकुंकवाचं बोलावणं आलं, तिला नाही. कोणी वाईट बोललं नाही, फक्त वगळलं. दर वर्षी तिळाच्या वड्या तीच करून न्यायची! २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीने विधवा प्रथांविरुद्ध ठराव केला, सरकारनेही परिपत्रक काढलं, ते आमच्या गल्लीपर्यंत पोचलं नाही. तेव्हापासून ती भजनाला गेलेली नाही. यंदा मी घरीच बोलावू म्हटलं तर म्हणाली, "कामून मागे लागून राहिली तू? मला कोणाचं तोंड नाही पाहायचं." रथसप्तमीपर्यंत हे दिवस तिला फार जड जातात.

मनीषनगर, बेसा, बेलतरोडी या बाजूला असं एखादं भजनी मंडळ किंवा ज्येष्ठांचा कट्टा आहे का, जिथे कुंकवावरून बाईची किंमत ठरत नाही? पेटी वाजवणारी हवी असेल तर आणखी चांगलं. कोणाला तिची गरज आहे असं कळलं तर ती उठेल, असं मला वाटतं. "तुझं मन रमेल" म्हणून नेलं तर नाही येणार.

जवळच्या बागेतल्या योगवर्गात पाठवून पाहणार होते, पण तिथे सूर्यनमस्कार आणि पुढे वाकायची आसनं घेतात. तिच्या मणक्याला तसं वाकणं चालत नाही, मणी दबून मोडू शकतो. तोल सांभाळण्याचे व्यायाम घरी येऊन शिकवणारी फिजिओथेरपिस्ट कोणी सुचवेल का? शक्यतो बाईच हवी. सध्या थंडी आहे तोवर उन्हात बसवता येईल, मार्च लागला की दुपारी बाहेर पडणंच बंद.

आणि ज्यांच्या घरी हे झालंय त्यांनी सांगा, मानसोपचाराचा विषय आईपाशी कसा काढला? १४४१६ ही टेलिमानसची सरकारी हेल्पलाइन मोफत आहे, मराठीत बोलता येतं. मी स्वतः फोन करून घेतला. तिच्या हातात फोन कसा द्यायचा, तेच कळत नाही. "मी का वेडी झाली?" असं म्हणेल, ही भीती आहे.

बुधवारी मला सुट्टी असते. त्या दिवशी कोणाचं भजन असेल तर वेळ कळवा, मी तिला गाडीवर घेऊन येईन.