मदत हवी आहे: घरी शिकवायचं वेळापत्रक टिकतच नाही

सुईदोरा (शुक्रवार, रात्री ११:४०)
लोकहो, जरा घाईत लिहितेय. जूनपासून मुलांना घरीच शिकवते. तीन वेळापत्रकं करून भिंतीला लावली, एकही चार दिवसांच्या वर टिकलं नाही. नऊ ते बारा अभ्यास ठरवला की साडेनऊलाच सगळं विस्कटतं. व्हिडिओत दाखवतात तसे लाकडी ट्रे, प्रिंटर, रंगीत कपाटं मला परवडणार नाहीत. महिन्याला पाचशेच्या आत बसेल असं रोजचं वेळापत्रक कुणाकडे तयार असेल तर इथेच टाका. शाळेत का घालत नाही, हे कृपया विचारू नका. सोमवारपासून सुरू करायचं आहे.

ओसरी (शुक्रवार, रात्री ११:५८)
मुलं किती, वयं काय, माध्यम कोणतं? घरात अजून कोण असतं? एवढं तरी सांगा.

पहाटवारा (शनिवार, सकाळी ५:२०)
ताई, सगळं सकाळच्या वेळेवर आहे. पाचला उठवा. बारा सूर्यनमस्कार, मग पाठांतर, मग गणित. आठच्या आत अर्धा अभ्यास संपतो. माझ्या दोन्ही मुलांचे तिशीपर्यंतचे पाढे असेच झाले. खर्च शून्य. नेटाने करत राहा, मुलं आपोआप उठायला लागतील.

कलमवाचक (शनिवार, सकाळी ८:०५)
वेळापत्रक नंतर. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम १०: मुलाला जवळच्या शाळेत दाखल करणं हे पालकाचं कर्तव्य आहे. ६ ते १४ वयाच्या मुलांना घरी ठेवताना हे माहीत असू द्या.

मुक्तछंद (शनिवार, सकाळी ९:३०)
@कलमवाचक, कलम ८ पण वाचा. 'सक्तीचं' म्हणजे सरकारवरची जबाबदारी, असं तिथे स्पष्ट केलंय. पालकाला दंड किंवा शिक्षा या कायद्यात कुठेच नाही. घरी शिकवणं असा शब्दही नाही. आधीच घाबरलेल्या बाईला अजून घाबरवू नका.
ताई, माझं मत विचाराल तर वेळापत्रकच फाडून टाका. आम्ही पुण्यात सहा वर्षं वेळापत्रकाशिवाय शिकतोय. मूल विचारेल तेव्हा शिकवायचं.

कलमवाचक (शनिवार, सकाळी ९:५२)
घाबरवत नाही, कागद सांभाळा एवढंच म्हणतोय. शाळा सोडल्याचा दाखला, जन्मदाखला, आधार, गुणपत्रकं एका पिशवीत ठेवा. राज्याच्या मुक्त विद्यालय मंडळाकडून पाचवी आणि आठवीची परीक्षा देता येते. वयाची अट पाचवीला १०, आठवीला १३. एनआयओएसची (केंद्राची मुक्त शाळा) दहावी १४ पूर्ण झाल्यावर. पुढे हेच कागद लागतात.

यशोदीप (शनिवार, सकाळी १०:१५)
नवोदयचा (केंद्र सरकारची निवासी शाळा) फॉर्म भरा! सहावीपासून राहणं, जेवण, पुस्तकं मोफत. आमच्या भाच्याला मिळालं. सरावसंच माझ्याकडे आहेत, हवे तर पाठवतो.

सुईदोरा (शनिवार, दुपारी १:४५)
मुलगी ११ वर्षांची, पाचवी झाली, आता सहावीचा अभ्यास. मुलगा ७, दुसरी. मराठी माध्यम. कागद सगळे आहेत, धन्यवाद. नवोदयची परीक्षा पाचवीत असताना द्यायची असते, ती वेळ गेली. @पहाटवारा, पाचला जमणार नाही. @मुक्तछंद, मुलगी विचारते, मुलगा काहीच विचारत नाही, त्याला अजून जोडाक्षरं वाचता येत नाहीत. त्याचं काय करू? मला फक्त वेळापत्रक हवंय. आणि त्यात नऊ ते तीन मोठ्याने वाचणं, पाढे असलं काही नको, घरात आवाज करता येत नाही.

ओसरी (शनिवार, दुपारी २:१०)
नऊ ते तीन आवाज का करता येत नाही? बहुतेक खरी अडचण तिथेच आहे.

सुईदोरा (शनिवार, दुपारी ४:३०)
इचलकरंजीला असतो. हे यंत्रमागावर कामाला आहेत. एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रात्रपाळी, आठ ते आठ. रात्रपाळीला सकाळी घरी येऊन जेवून झोपतात. खोल्या दोनच, मध्ये पडदा. त्यांची झोप मोडली तर रात्री मागावर डुलकी लागते, ते मला चालणार नाही. शिवाय धाकटा दीड वर्षाचा आहे. वही दिसली की ओढतो. मुलगी त्याला घेऊन बसते तेव्हा मी मुलाचं घेते, मग तिचं राहतं. पाणी येतं त्या दिवशी तर काहीच होत नाही.

पहाटवारा (शनिवार, सायंकाळी ५:०२)
तरी मी म्हणेन, सातच्या आधी तासभर

तीनफळा (शनिवार, सायंकाळी ६:४०)
@पहाटवारा, थांबा. रात्रभर माणूस कामावर, घरात तान्हं, आणि बाई पाचला उठून मुलांना उठवणार? ज्या घरात रोज एकाच वेळी दिवा मालवतो तिथे तुमचं चालेल.

सुईदोरा ताई, मी जिल्हा परिषद शाळेत ३१ वर्षं शिकवलं. त्यातली १४ वर्षं द्विशिक्षकी शाळेत. माझ्या एका खोलीत पहिली ते चौथीतले दोन वर्ग कायम असायचे, काही वर्षं चारही. त्यामुळे तुमचं घर मला डोळ्यापुढे दिसतंय. तुमची वेळापत्रकं मोडतात कारण ती घड्याळावर लावलीत. तुमचं घर पाळीवर चालतं. घड्याळ काढा. कामं मोठ्या आवाजाची आणि मुक्याची अशी वेगळी करा.

रात्रपाळीच्या आठवड्यात बाबा यायच्या आधी, सात ते आठ, तोंडाने करायचं सगळं: पाढे, कविता, मुलाचं मोठ्याने वाचन, मुलीला इंग्रजी शब्द. स्वयंपाक करता करता ऐकता येतं. बाबा झोपले की मुकं काम. मुलाला पाटीवर पाच ओळी आणि दहा गणितं, त्याहून जास्त नको. दुसरीच्या मुलाला दिवसाला सव्वा तास पुरे, हे मी अनुभवाने सांगते. उरलेला वेळ त्याला चित्र, माती, चिंचोके. मुलीला आदल्या रात्री चिठ्ठी लिहून ठेवा: अमुक धडा वाच, तीन प्रश्न स्वतः काढ, उत्तरं लिही.

आता नीट वाचा. धाकटा दुपारी झोपतो तो वेळ फक्त मुलीचा. भांडी, शिवण, फोन काही नाही. हळू आवाजात गणित आणि विज्ञान. एवढा वेळ रोज तुम्ही तिला दिलात तर सहावी निभते. आणि बाबा उठून चहा घेतात तेव्हा अर्धा तास धाकटा त्यांच्याकडे. तेव्हा मुलाची जोडाक्षरं घ्या. मुलीला बाळ सांभाळायला शाळेतून काढलंय, असं तिच्या मनात येता कामा नये. मी असल्या मुली पाहिल्यात, नंतर परत वर्गात आल्या नाहीत.

दिवसपाळीला क्रम हाच, आवाजाचं काम कधीही घ्या. पाणी येईल त्या दिवशी अभ्यास नाही असं आधीच जाहीर करा, म्हणजे मोडल्यासारखं वाटत नाही. त्या दिवशी मुलीला बादल्या आणि लिटर मोजून लिहायला लावा.

सुईदोरा (शनिवार, रात्री १०:२०)
बाई, हे वाचून डोळ्यात पाणी आलं. तो दुपारी एक ते पावणेतीन झोपतो. त्या वेळात मी ब्लाउजची शिवण घेते, दिवसाला एक ब्लाउज निघतो. ते रात्री ढकलते. गणिताला साधनं काय घेऊ?

तीनफळा (शनिवार, रात्री १०:४५)
विकत फक्त मणी. दहा पांढरे, दहा लाल, असे शंभर ओवा. मुलाला ३७ दाखव म्हटलं की तीन दशक आणि सात सुटे तो बोटाने मोजतो. मुलीचे अपूर्णांक भाकरीवर: अर्धी, चतकोर, चतकोराचा अर्धा. दशांश तिच्या बाबांकडून. रीड-पीक, म्हणजे एका इंचातले उभे-आडवे धागे, त्यांना तोंडपाठ असेल. कापडाच्या तुकड्यावर एक इंच आखून भिंगातून आडवे-उभे धागे मोजू द्या, मग पन्नास मीटरची मजुरी काढू द्या. त्यांनाही वाटेल की आपणही शिकवतो.

ओसरी (रविवार, सकाळी ९:००)
पुस्तकं बालभारतीच्या संकेतस्थळावर पीडीएफमध्ये फुकट आहेत. पण एका फोनवर दोघांचं जमणार नाही. शेजारच्या सातवीतल्या मुलांकडून जुना संच मागा, सहज देतात.

जुनीपेटी (रविवार, सकाळी ९:४०)
अवांतर: 'किशोर'चे जुने अंक बालभारतीने ऑनलाइन ठेवलेत, १९७१ पासूनचे. आमच्या घरी पोस्टाने यायचा, भावंडांत आधी कोण वाचणार यावरून भांडणं व्हायची. मुखपृष्ठाचा वास अजून आठवतो.

मुक्तछंद (रविवार, सकाळी १०:१०)
+१. हे अवांतर नाही, मुलीला चिठ्ठीऐवजी अंकातली एक गोष्ट द्या. आणि तीनफळा बाईंचं पटलं. माझ्या घरी एकच मूल आहे आणि नवरा लॅपटॉपवर घरूनच काम करतो, मी माझ्यावरून सांगत होते.

यशोदीप (रविवार, सकाळी ११:३०)
शिष्यवृत्तीची परीक्षा तरी

सुईदोरा (पुढचा रविवार, रात्री ९:१५)
आठ दिवस झाले. रात्रपाळीचाच आठवडा होता. सहापैकी चार दिवस जमलं, एक दिवस पाण्याचा, एक दिवस धाकट्याला ताप. खर्च: मण्यांना ९०, पाटीला ४०. सहावीचा संच समोरच्या वहिनींनी दिला. मुलाला 'पत्र' आणि 'चक्र' वाचता आलं. यांनी चहाच्या वेळी भिंग आणून दिलं. मुलीने ५२ धागे मोजले, हे म्हणाले बरोबर. दुसऱ्या दिवशी तिने स्वतःच दुसरा तुकडा मागितला.

आता अडचण अशी की उद्यापासून दिवसपाळी. हे आठला गेले की रात्री आठलाच येणार, म्हणजे चहाचा अर्धा तास गेला. धाकट्याला त्या अर्ध्या तासात कुणाकडे देऊ? मुलीकडे द्यायचं नाही हे मी ठरवलंय.

तीनफळा (पुढचा रविवार, रात्री ९:५०)
पुस्तक देणाऱ्या वहिनी दुपारी घरी असतात का?