१८५१चे लंडन प्रदर्शन नेमके कोणासाठी होते?

खडीसाखर: ‘१८५१च्या प्रदर्शनाने उद्योग आणि कला सामान्य माणसासाठी खुल्या केल्या’ हे येथील कालच्या लेखातले विधान वाचून राहवले नाही. हाइड पार्कमध्ये पॅक्स्टनने उभारलेला लोखंड-काचेचा महाल अजोड होता, याबद्दल वाद नाही. परंतु त्याच महालात ईस्ट इंडिया कंपनीने आमचा कापूस, नीळ आणि रेशीम ज्या निगुतीने मांडले होते, ती निगुती कलेच्या प्रेमापोटी नव्हे, तर मँचेस्टरच्या गिरण्यांसाठी होती. वर कोहिनूर होताच, दोनच वर्षांपूर्वी पंजाब खालसा करून नेलेला.

जॉबरची नात: मेअखेरीपासून सोमवार ते गुरुवार एक शिलिंगात प्रवेश मिळू लागल्यावर जे मजूर रेल्वेच्या स्वस्त सहलींनी तेथे लोटले, ते सामान्य नव्हते काय? सुमारे साठ लाख भेटींची नोंद आहे, आणि १,८६,००० पौंडांच्या नफ्यातून साउथ केन्सिंग्टनची संग्रहालये उभी राहिली. भायखळ्याच्या आमच्या संग्रहालयाचे मूळही अशा प्रदर्शनांसाठी माल जमवण्यातच आहे. गिरणीतून निवृत्त झालेले माझे आजोबा मला तेथील मातीच्या प्रतिकृतींसमोर तासन् तास उभे करीत; त्यांना कोणी लुटल्यासारखे वाटलेले मला तरी दिसले नाही.

खडीसाखर: आजोबांविषयी आदर आहे, पण तो पुरावा नव्हे. लुटीचेच बोलायचे, तर पंजाबच्या दहा वर्षांच्या महाराजा दुलीपसिंगाकडून तहाने घेतलेला हिरा पिंजऱ्यात ठेवला, तो चमकत नाही म्हणून प्रेक्षक हिरमुसले, आणि १८५२मध्ये त्याला पुन्हा पैलू पाडताना सुमारे १८६ कॅरटांचे १०६च उरले. तो परत मिळालाच पाहिजे.

तिसरा कोन: परत कोणाला? लाहोरला, अमृतसरला की काबूलला? रणजितसिंगांनी तो काबूलच्या पदच्युत शाह शुजाकडून कसा मिळवला, हेही जरा आठवा. आमच्या घरी आत्याच्या पाटल्यांवरून तीन पिढ्या अबोला आहे, तेव्हा मालकी सिद्ध करणे किती सोपे असते ते मला सांगू नका.

खडीसाखर: राष्ट्राची लूट आणि आपल्या आत्याच्या पाटल्या एकाच तागडीत तोलणाऱ्यांशी वाद घालण्याइतका वेळ माझ्याकडे नाही.

जॉबरची नात: वेळ नाही, तरी हिऱ्यावरून हलायलाही आपण तयार नाही! प्रश्न प्रदर्शनांचा होता. चौदा हजारांच्या आसपास प्रदर्शक आले होते, त्यांत निम्मे परदेशांतून आणि वसाहतींतून. आणि आमच्या विणकरांचे नक्षीकाम पाहून तिकडचे जाणकार स्वतःच्या यंत्रनिर्मित सजावटीला बेंगरूळ म्हणू लागले, हे आपण सोयीस्करपणे गाळता.

खडीसाखर: बरे, शिलिंग मान्य, नक्षीही मान्य, सत्कार करू या. मात्र त्याच कौतुकाची पुढची पायरी १८८६च्या लंडन प्रदर्शनात दिसली, जेथे ‘हिंदी कारागीर’ म्हणून प्रेक्षकांसमोर बसवलेल्यांपैकी बरेच जण आग्र्याच्या तुरुंगातले कैदी होते. त्यांनी कोणते तिकीट काढले होते?

जॉबरची नात: पस्तीस वर्षांनंतरचा गुन्हा १८५१च्या माथी मारण्याची आपली हातचलाखी वाखाणण्याजोगी आहे. कैद्यांविषयी माझ्याकडे समर्थन नाही, एवढ्यावर आपण समाधान मानावे.