सरकी पेंड वासराला का नको

'म्हशीला सरकी पेंड चालते, मग वासरालाच का नको?' असा प्रश्न एकानं विचारलाय. कारण सरकीतलं गॉसिपॉल नावाचं विषारी द्रव्य. मोठ्या जनावराच्या पोटाच्या पहिल्या कप्प्यात, म्हणजे रुमेनमध्ये, ते प्रथिनांशी बांधलं जातं नि बऱ्यापैकी निष्प्रभ होतं. लहान वासराचं रुमेन तयारच नसतं, त्यामुळे गॉसिपॉल रक्तात उतरतं आणि फटका बसतो हृदयाला. कोंबड्यांनाही ते सोसत नाही. आमच्या आईनं एकदा उरलेला पेंडीचा चुरा परसातल्या कोंबड्यांपुढे टाकला. पुढे काही दिवस ठेवलेली अंडी फोडली तर बलक हिरवट!

आपल्या सोलापूरकडच्या करडई पेंडीचं दुखणं वेगळं. तिच्यात लिग्नन गटातली कडू संयुगं असतात, म्हणून जनावर तोंड फिरवतं, पाटीत पेंड तशीच. टरफलासकटची असेल तर चोथाही फार. मी ज्वारीच्या भरड्यात थोडी थोडी मिसळतो, मग म्हैस कुरकुर न करता खाते.

जनावरांना कच्चं सोयाबीन भरडून द्यायचा सल्लाही कुणीतरी दिलाय, तो मात्र पटला नाही. त्यातला ट्रिप्सिन इन्हिबिटर, म्हणजे प्रथिनं नीट पचू न देणारा घटक, नीट भाजल्याशिवाय जात नाही. आणि खुराकात युरिया असेल तर कच्चं सोयाबीन अजिबात नको. त्यातलं युरिएज हे एन्झाइम युरियाचा झपाट्यानं विषारी अमोनिया करतं.