मदत हवी आहे: शनिवारच्या फायनलआधी समोरच्या टीमचा अंदाज कसा घेऊ?

डावखुरी११
आंतरमहाविद्यालयीन बास्केटबॉलची फायनल शनिवारी आहे. समोरच्या टीमच्या सेमीफायनलचा मोबाइलवर काढलेला व्हिडिओ मिळालाय. तीनदा बघितला, तरी काय टिपायचं तेच कळत नाहीये. त्यांची १२ नंबर खूप उंच आहे. सर आजारी आहेत, कॅप्टन मी. प्लीज लवकर सांगा, तीनच दिवस उरलेत.

जुना सेंटर
डिफेन्स कोणता लावतात? मॅन-टू-मॅन (प्रत्येकीने समोरच्या एकीला धरायचं) की झोन (प्रत्येकीने आपापली जागा राखायची)? तुमच्यात सगळ्यात उंच किती? एवढं तरी सांग, मग बोलता येईल.

इंडियानाकर
बास्केटबॉलचे आकडेतज्ज्ञ डीन ऑलिव्हर यांचे चार घटक मोज: शॉट किती बसतात, टर्नओव्हर (शॉट न घेताच बॉल गमावणं), ऑफेन्सिव्ह रिबाउंड (आपलाच हुकलेला शॉट परत मिळवणं), फ्री थ्रो. त्यांनी वजन साधारण ४०, २५, २०, १५ टक्के असं धरलंय. नुसता स्कोअर बघू नकोस. ६० पझेशनमध्ये (बॉल ताब्यात येण्याच्या पाळ्या) ६० गुण आणि ८० मध्ये ६० यांत खूप फरक आहे.

जुना सेंटर
एका मॅचवरून टक्के कसले काढता? एखादीचे तीन थ्री (लांबून घेतलेले तीन गुणांचे शॉट) बसले की सगळं गणित फिरलं. पोरीला शनिवारी खेळायचंय, सवयी बघू दे तिला.

इंडियानाकर
सवयी मोजल्याशिवाय कळणार कशा? इथे अमेरिकेत कॉलेजच्या पहिल्या डिव्हिजनच्या (सर्वात वरच्या गटाच्या) कोचना त्याच मोसमातल्या पुढच्या प्रतिस्पर्ध्याची मॅच बाहेर जाऊन बघायला बंदी आहे. सगळी तयारी व्हिडिओवरच होते.

सकस आहार
मॅचच्या तीन तास आधी हलकं जेवा. तेलकट नको. केळं जवळ ठेवा.

डावखुरी११
जेवणाचं नाही विचारलं हो. मुलींची मॅच आहे, सिमेंटचं कोर्ट. ते २-३ झोन लावतात (पुढे दोघी, बास्केटजवळ तिघी). आमच्यातली सर्वात उंच पाच फूट सात, त्यांची १२ सहा फुटांच्या आसपास. गेल्या वर्षी ११ गुणांनी हरलो, ते अजून डोक्यातून जात नाही.

जुना सेंटर
हे पहिल्यांदाच सांगायचंस ना! २-३ चं पोट, म्हणजे मधली मोकळी जागा, फ्री थ्रो लाइनवर. तिथे पास झेलून पटकन वळणारी मुलगी उभी कर, उंच नसली तरी चालेल. १२ तिच्यावर धावून आली की बेसलाइन (बास्केटमागची रेघ) मोकळी; नाही आली तर तिथूनच शॉट. झोनमध्ये बॉक्सआउट (रिबाउंडसाठी समोरच्या खेळाडूला अंगाने अडवणं) कोणी कोणाला करायचं यात गोंधळ होतो, तेव्हा रिबाउंडला शिरा. आता व्हिडिओ परत लाव आणि बॉल सोडून फक्त १२ कडे बघ.

इंडियानाकर
हे मात्र पटलं. २०२३ मध्ये इथल्या कॉलेज स्पर्धेत फेअरले डिकिन्सनने पर्ड्यूला ६३-५८ हरवलं. पर्ड्यूचा झॅक ईडी ७ फूट ४ इंच, आणि फेअरले डिकिन्सन पहिल्या डिव्हिजनमधली सर्वात बुटकी टीम! ईडीच्या पुढे एक, मागे एक उभं राहून त्यांनी त्याच्याकडे जाणारे पासच अवघड केले. २१ गुण त्याने केलेच, पण बाकीच्यांचे थ्री बसेनात.

वऱ्हाडी रिबाउंड
तिकडे पुरुषांच्या कॉलेज मॅचला शॉट क्लॉक (शॉट घ्यायची मुदत) ३० सेकंदांचा, आपल्याकडे २४ चा. तिकडचं जसंच्या तसं उचलू नका. तुमच्या स्पर्धेत क्लॉक खरंच लावतात का? नसेल तर बॉल निवांत फिरवता येईल.

डावखुरी११
क्लॉक असतो, २४ चाच. काल रात्री दीडपर्यंत बसले, नजर १२ वरून हलवली नाही. तिसऱ्या क्वार्टरपासून त्यांचा शॉट हुकला की ती गुडघ्यांवर हात टेकून क्षणभर तिथेच थांबते, मग पळते. सहा वेळा! आणि त्यांची पॉइंट गार्ड (बॉल पुढे आणणारी), ५ नंबर, डावीकडे ड्रिबल करतच नाही. म्हणजे रिबाउंड मिळाला की झोन लागायच्या आत पळायचं ना? उद्या सकाळी साडेसहाला ग्राउंडवर करून बघतो.

जुना सेंटर
हो, पळायचंच. फक्त रिबाउंडनंतरचा पहिला पास कोणाकडे, ते आजच ठरव. आणि ५ नेहमी उजवीकडे जाते म्हणजे समोर उभं राहिलं की तुझ्या डाव्या हाताला. तिच्यावर तूच थांब.