दोन शैक्षणिक कर्जं एकत्र करू का? एजंट मागं लागलाय

शिरोलीकर
मंडळी, जरा इस्कटून सांगा. बी.ई.ला सरकारी बँकेचं लोन घेतलेलं, साडेतीन लाख राहिलंय, दर ९.५ टक्के. एम.टेक.ला एका फायनान्स कंपनीचं घेतलं, तिथं ६ लाख, १२.५ टक्के, अजून ७ वर्षं. दोन्ही फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या दराची. बँकेचा दर मधे आपोआप उतरला, कंपनीचा जागचा हलत नाही. फौंड्रीत क्वालिटीला आहे, हातात ३८ हजार येतात, त्यातले साडेसोळा हप्त्यांत जातात. आता एजंट म्हणतोय, दोन्ही मिळून एकच लोन करा, साडेदहा टक्के, १० वर्षं, हप्ता निम्म्यावर येईल. दादा म्हणतो करून टाक. मामा म्हणतात, बँकेचं मोडू नको.

आठवी गल्ली, राजारामपुरी
मामांचं ऐक. बँकेच्या कर्ज खात्यात नोकरी झाली माझी, म्हणून बोलतो. साडेनऊचं कर्ज मोडून साडेदहाचं कशाला करायचं? आणि हप्ता निम्मा होतच नाही, पावणेतेरा हजारांच्या पुढंच बसतो.

फक्त फायनान्सचं कर्ज बँकेत हलव, पण मुदत वाढवू नको. ६ लाख, १२.५ टक्के, ७ वर्षं म्हणजे हप्ता साधारण १०,७५० आणि एकूण भरणा ९ लाख ३ हजार. तेच ९.५ टक्क्यानं १० वर्षांचं केलंस तर हप्ता ७,७६० होतो, भरणा मात्र ९ लाख ३१ हजार. दर तीन टक्के उतरला आणि तू २८ हजार जादा भरलेस! मुदत ७ वर्षंच ठेव, हप्ता ९,८०० आणि ऐंशी हजारांच्या आसपास वाचतात.

दर का हलत नाही म्हणतोस, तर ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवीन फ्लोटिंग वैयक्तिक कर्जं रेपोसारख्या (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दरानं पैसे देते तो) बाहेरच्या दराला बांधलेली असतात. २०२५ मध्ये रेपो ६.५० वरून ५.२५ वर आला, तो फायदा तुला मिळाला. फायनान्स कंपनीला ते बंधन नाही.

कळंबेकर
हलवायचं तर आधी स्वतःच्याच बँकेत विचार, तुझे हप्ते त्यांच्यासमोर आहेत. वैयक्तिक फ्लोटिंग कर्ज आधी फेडलं तर दंड लावता येत नाही, रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. नवीन प्रोसेसिंग फी तेवढी बघ. बंद झाल्यावर एनओसी, म्हणजे कर्ज फिटल्याचा दाखला घे आणि सिबिलला, म्हणजे कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपनीकडं, 'क्लोज्ड' दिसतंय का तपास, हे लोक विसरतात.

शिरोलीकर
आणि ८०ई, शैक्षणिक कर्जाची ती कर सवलत? एजंट म्हणतो, टॅक्सपण वाचंल.

आठवी गल्ली, राजारामपुरी
८०ई जुन्या करपद्धतीतच मिळतं, ते पण फक्त व्याजावर, आठ वर्षं. तुझ्या पगाराला नव्या पद्धतीत करच लागत नाही, मग वाचवणार काय? तरी मंजुरीपत्रावर 'शैक्षणिक कर्ज' असंच लिहून घे, पर्सनल लोन नको. पुढं पगार वाढला तर बघता येईल. घरी ऊस आहे का?

शिरोलीकर
आहे की, दीड एकर.

आठवी गल्ली, राजारामपुरी
मग बिल जमा झालं की थोडं त्या कर्जात टाक. हप्ता कमी करू नका, मुदत कमी करा, असं लेखी दे. नाहीतर ते आपल्या सोयीनं हप्ताच कमी करतात.

शिरोलीकर
सोमवारी हाफ डे टाकून बँकेत जातो. एजंटला प्रोसेसिंग फी विचारली, तर म्हणाला, "सर, मीटिंगमध्ये आहे."